आकाशातील दूत

शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यात आर्वी नावाचे गाव आहे. तेथे १९७१ साली परदेशांशी उपग्रहाद्वारे दूरध्वनी जोडणारे भारताचे पहिले भूकेंद्र सुरू झाले. असा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीबरोबरच फिरतो. म्हणून तो स्थिर भासतो. डोंगरदऱ्या त्याच्या संदेशांच्या आड येत नाहीत.

परंतु दूरचे देश जवळ आले, म्हणून जवळची खेडी जवळ येतातच असे नाही. या साधनाचा लाभ प्रथम कोणास द्यावा, शहरांस की खेड्यांस? दूरदर्शन आधी खेड्यांत पोहोचावे, असे डॉ. विक्रम साराभाई यांचे मत होते. १९६९ साली अमेरिकेशी करार झाला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, जाळीच्या तबकड्यांच्या साहाय्याने, शेती, आरोग्य व शिक्षण यांचे कार्यक्रम दिसू लागले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता.

मुदत संपताच तो अमेरिकी उपग्रह भारताच्या सेवेतून गेला व ते प्रक्षेपण थांबले. उसना दिवा धन्याबरोबर परत जातो. म्हणूनच भारताने स्वतःच्या मालकीचे उपग्रह आकाशात पाठविले. १९८३ साली ‘इन्सॅट-१ बी’ कार्य करू लागला.

दूत आकाशात असला, तरी त्याने कोणाच्या दारी जावे, हे भूमीवरील माणसांनाच ठरवावे लागते.