काचेच्या पेटीबाहेरची श्रद्धा

'सातव्या महिन्याचे मूल जगते, आठव्याचे जगत नाही' ही समजूत आपल्यापैकी बहुतेकांनी घरात ऐकलेली असेल. वैद्यकशास्त्र नेमके उलटे सांगते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात, आणि पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा त्याच्या जगण्याची आशा वाढवतो. मग ही समजूत टिकली कशी? मला वाटते, ज्या घरातले सातमाशी मूल वाचले त्या घराने ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली. जी मुले गेली त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही.

गेल्या वर्षी माझी ताई बाळंतपणासाठी माहेरी आलेली असताना ३१ व्या आठवड्यातच बाळंत झाली. मुलगी, वजन १३५० ग्रॅम. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षात ती ३६ दिवस होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. साहजिकच डॉक्टरांचे बोलणे समजून घेऊन आई-आजीला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दिवसांत जे समजले ते येथे मांडत आहे.

आपल्याकडे लोक 'काचेच्या पेटीत ठेवलंय' एवढेच म्हणतात. पेटीचे पहिले काम ऊब देणे. अशा बाळाच्या कातडीखाली चरबी नसते, त्यामुळे ते झपाट्याने गार पडते. दुसरा प्रश्न श्वासाचा. फुप्फुसांतील बारीक फुगे श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर एक स्निग्ध द्रव तयार करते. तो साधारण ३४-३५ आठवड्यांनंतरच पुरेसा होतो. तोवर नाकातल्या नळीतून सतत हलक्या दाबाने हवा देऊन ते फुगे उघडे ठेवावे लागतात. तिसरा प्रश्न दुधाचा. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसायलाही सुमारे ३४ आठवडे लागतात, म्हणून दूध नळीने पोटात सोडतात. आमच्या बाळाची सुरुवात २ मिलिलिटरने झाली.

हे ज्ञान फार जुने नाही. या द्रवाचा अभाव हेच श्वासाच्या त्रासाचे मूळ, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवले. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला आणि याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. त्याचे वजन २१०० ग्रॅमच्या आसपास होते. बाहेरून हा द्रव देऊन बाळे वाचवता येतात, हे जपानच्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये सिद्ध केले. राष्ट्राध्यक्षाच्या मुलासाठी जे त्या वेळी नव्हते ते आज जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दाराबाहेरची गोष्ट. आत फक्त आईला प्रवेश. बाकी सारे व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेले. कोणाच्या हातात जपमाळ, कोणाकडे दर्ग्यातून आणलेला ताईत, कोणी त्रिशरण म्हणणारे. एकमेकांना 'आज किती ग्रॅम?' असे विचारणारे हे सारे एकाच गावचे झाले होते.

श्रद्धा आणि उपचार यांचा पहिला खटका बांगड्यांवरून उडाला. आत जाताना कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, बांगड्या काढून. ताईच्या सासूबाईंना हे पटेना. सवाष्णीने हात मोकळे कसे ठेवायचे? बांगडीखाली जंतू राहतात आणि बाळाकडे झुंजायची ताकद नाही, हे मी समजावले. पण तिढा सोडवला आजीने. "विहीणबाई, बांगड्या देवापुढं ठिवू. लेकरू घरी आलं की तिथूनच भरायच्या," ती म्हणाली, आणि सासूबाई तयार झाल्या. अंगाऱ्याचेही तसेच झाले. तो बाळाच्या कपाळाला न लागता घरच्या देवळीत राहिला. मध आणि गुटी मात्र अजिबात नाही, असे सिस्टरांनी बजावले होते. कोवळ्या आतड्याला आईच्या दुधाशिवाय दुसरे काही मानवत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, म्हणून पाटा-वरवंटा पुजून त्यापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. आजीने ती घरी पाळली. कक्षात सिस्टर दर दोन तासांनी बाळाचे तापमान, श्वास, ठोके आणि दूध कागदावर लिहीत. ताईकडून कळलेले ते आकडे मी आजीला सांगत असे. आजी म्हणाली, "सटवाईनं काय लिव्हलं ते कुणाला वाचता येत न्हाई. हिचं वाचता येतंय, हे बरं."

श्रद्धेचे खरे काम मला दिसले ते रात्री. दर तीन तासांनी ताईला दूध काढावे लागे, आणि चिंतेने दूध आटल्यासारखे होई. तिला उठवायचे काम आजीने घेतले, कारण ती जप करत जागीच असे. पूर्वी टाकून देत तो चीकही तिने थेंब न सांडता वाटीत धरला. पुढे बाळ स्थिर झाल्यावर त्याला आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवू लागले. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, कारण तेथे पेट्याच अपुऱ्या होत्या. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच असे छातीशी धरल्यास मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असे दिसले. घरातील इतर निरोगी माणसेही बाळाला असे धरू शकतात. त्यामुळे आंघोळ करून, नखे कापून आजीचीही पाळी लागली. तिचे नामस्मरण तेथेही चालूच होते आणि सिस्टरांनी ते कधी थांबवले नाही.

पण याच श्रद्धेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. 'ग्रहणात भाजी चिरली असेल', 'काहीतरी चुकलं असेल' हे शब्द ताईच्या कानावर येत होते. वस्तुतः अनेकदा असे लवकर होण्याचे कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. 'देवावर सोडा आणि घरी न्या' असेही कोणी सुचवले. पुष्कळदा त्यामागे पैशाची धास्ती असते. म्हणून हे माहीत असावे की २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

आमच्या शेजारी सतरंजीवर एक आजी होत्या. त्यांच्या सुनेचे बाळ २६ आठवड्यांचे, ७०० ग्रॅमचे होते. त्या बाईंनी चप्पल सोडली होती, एकभुक्त राहत होत्या. नवव्या दिवशी ते बाळ गेले.

बारशाला पाहुणे आमच्या भाचीला 'नवसाची पोर' म्हणू लागले, तेव्हा मला त्या व्हरांड्यातल्या बाई आठवल्या. आमचा नवस देवाला पावला म्हणायचे, तर त्यांचा का पावला नाही? त्यांची भक्ती कमी होती काय? मुळीच नाही. फरक भक्तीत नव्हता. फरक होता ५ आठवड्यांचा आणि ६५० ग्रॅमचा. श्रद्धा माणसाला ३६ दिवस व्हरांड्यात धीराने बसवते, मध्यरात्री उठवते, परक्याची चौकशी करायला लावते. तिचे हे सामर्थ्य मी मानते. परंतु बाळ वाचल्याचे श्रेय ती मागू लागली की, ज्यांचे बाळ गेले त्या घरावर नकळत ठपका ठेवते.

मी हे आजीला बोलून दाखवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नवस मी माझ्या जिवाला धीर म्हून बोलले व्हते. त्या माउलीनंबी तसाच बोलला आसंल." आजीने नवस रीतसर फेडला. मात्र त्या दिवसापासून आमच्या घरात भाचीला कोणी 'नवसाची' म्हणत नाही.