जलद कोअर कोणाच्या वाट्याला?

कल्याण सोडले की जलद लोकलचा रुबाब उतरतो. मुंबईपासून स्टेशने गाळत आलेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असे एकेक स्टेशन घेत जाते, कारण कर्जतच्या बाजूला रूळच दोन. जलद काय नि धीमी काय, दोघींचा मार्ग एकच. त्या गाडीत दांडीला लटकलेल्या प्रवाशाच्या खिशातल्या फोनमध्ये मात्र जलद-धीम्याची वाटणी अखंड चालू असते, सेकंदाला शेकडो वेळा. फोन का तापतो, बॅटरी घर येण्याआधीच मान का टाकते, यांची उत्तरे त्या वाटणीत आहेत. मधुमेही माणसाच्या फोनवरचा इशारा कधी कधी वाजतच नाही, त्याचेही धागे तिथवर पोहोचतात.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे हिशेब करणारा विभाग. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा डॉ. विजय भटकर यांच्या चमूने ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे छोटे प्रोसेसर, एकमेकांना जोडले होते. सगळे सारखे. काम कोणाला किती द्यायचे एवढाच प्रश्न होता. त्यातला तगडा कोण, हे विचारायचे कारण नव्हते.

पुढे उष्णता आडवी आली. प्रोसेसरचा वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि लागणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. वेग २० टक्के वाढवला आणि त्यासाठी दाबही २० टक्के चढवावा लागला, तर वीज सुमारे ७३ टक्के जास्त जळते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मे २००४ मध्ये इंटेलने ‘तेजस’ नावाचा आगामी प्रोसेसर बासनात गुंडाळला आणि एका चिपवर दोन कोअर बसवण्याकडे मोर्चा वळवला. दोनाचे चार झाले, चाराचे आठ. आता मात्र सगळ्यांना एकदम पूर्ण वेगाने पळवणे परवडत नाही. म्हणून दोन कारभारी लागतात. फ्रीक्वेन्सी ड्रायव्हर हा प्रत्येक कोअरचा वेग वरखाली करतो. शेड्यूलर हा कोणते काम कोणत्या कोअरवर जाईल ते ठरवतो. अपघात विभागाच्या दारात उभा राहून ‘याला आत घ्या, तुम्ही बाकावर बसा’ सांगणाऱ्या डॉक्टरसारखे त्याचे काम. फरक एवढाच, की हा रुग्णाची नाडी पाहत नाही. तो पाहतो फक्त गडबड कोण किती करतो ते.

त्यात आणखी एक गोम आहे. एकाच चिपवरचे, एकाच नकाशाप्रमाणे बनवलेले कोअरही तंतोतंत सारखे निघत नाहीत. सिलिकॉनवर इतके बारीक कोरकाम करताना किंचित फरक राहतोच. एखादा कोअर कमी दाबावर जास्त वेग घेतो, शेजारचा धापा टाकतो. हा फरक कंपनीला ठाऊक असतो आणि चिपमध्ये त्याची नोंद असते. एएमडीच्या पद्धतीत प्रत्येक कोअरला २५५ पर्यंतच्या मोजपट्टीवर गुण मिळतात. ड्रायव्हरने ते गुण वाचून शेड्यूलरला सांगायचे आणि घाईचे एकटेदुकटे काम सर्वांत जलद कोअरवर पाठवायचे, अशी ही योजना. इंटेलने ती २०१६ पासून काही महागड्या प्रोसेसरमध्ये आणली. लिनक्समध्ये एएमडीचा नवा ड्रायव्हर २०२२ मध्ये दाखल झाला, पण जलद कोअर ओळखून काम देण्याची सोय त्यात यायला २०२४ उजाडले.

हा निरोप पोहोचला नाही तर काय होते, ते ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसले. विंडोज ११ बाजारात आल्यावर एएमडीच्या काही प्रोसेसरवर सर्वांत जलद कोअर ओळखलाच जाईना. आठपेक्षा जास्त कोअर असलेल्या मोठ्या प्रोसेसरना त्याचा फटका अधिक बसेल, असे खुद्द कंपनीने कळवले. त्याच महिन्यात दुरुस्ती आली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. तगडा गडी बाजूला बसून होता आणि मुकादमाला ते माहीत नव्हते, इतकेच.

फोनमध्ये हा भेद मुद्दाम केलेला असतो. आर्म कंपनीने २०११ मध्ये मोठे आणि लहान कोअर एकत्र नांदवण्याची रचना जाहीर केली. आज मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनांत दोन मोठे आणि सहा लहान कोअर असतात. निरोप आला का ते पाहणे, गाणे वाजवणे ही कामे लहान कोअर थोडक्या विजेत करतात; कॅमेरा उघडला की मोठे जागे होतात. कमीत कमी विजेत काम भागेल असा कोअर निवडण्याची पद्धत लिनक्समध्ये २०१९ पासून आहे, आणि अँड्रॉइड लिनक्सच्याच पायावर उभा आहे.

शरीराला ही युक्ती फार आधीपासून अवगत आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकदम कामाला लागत नाहीत. आधी लहान पेशी, त्यांच्या ताब्यात न थकणारे बारीक तंतू. जोर वाढला की मग मोठ्या पेशी आणि त्यांचे ताकदवान, पण लवकर थकणारे तंतू. एल्वूड हेनेमन यांनी १९६५ मध्ये हा क्रम दाखवून दिला. चहाचा कप उचलताना पैलवान लागत नाही. गाडी सुटताना उल्हासनगरच्या पुलावरून धावत उतरायचे असेल तर लागतो, आणि तोही थोडा वेळच.

थोडा वेळच, हे फोनलाही लागू आहे. बदलापूर-अंबरनाथकडे एप्रिल-मेमध्ये पारा कधी कधी चाळिशीपार जातो. अॅपल आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरण्यासाठी आहेत असे सांगते. म्हणजे दुपारी डब्यात गेम सुरू करणारा मुलगा फोनच्या मर्यादेबाहेरूनच सुरुवात करतो. तापमान वाढले की ड्रायव्हर वेग उतरवतो. आपल्याला वाटते फोन म्हातारा झाला, आणि दुकानदारालाही तसे वाटून घ्यायला हरकत नसते. दहा हजारांचा नवा फोन घेण्याआधी जाड कव्हर काढून, चार्जिंग थांबवून, सावलीत दहा मिनिटे ठेवून पाहावे. ‘फोन थंड करणारी’ अॅप मात्र टाकू नयेत. तीही प्रोसेसरला कामच देतात.

त्वचेचा हिशेब वेगळा. ४४ अंश हे तापमान हाताला नुसते कोमट-गरम वाटते, पण तासन्‌तास एका जागी लागून राहिले तर त्वचा भाजू शकते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलमधील डॉक्टरांनी एका बारा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. काही महिने रोज तासन्‌तास मांडीवर लॅपटॉप ठेवून खेळल्याने त्याच्या डाव्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते. डावीच का, तर लॅपटॉपची तीच बाजू जास्त तापत होती. शेगडीजवळ बसणाऱ्यांच्या पायांवर असे डाग डॉक्टरांनी पूर्वीपासून पाहिलेले आहेत. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्यांनी तर लॅपटॉप मांडीवर घेऊच नये. चटका बसतोय हे त्यांना कळतच नाही.

मधुमेह्यांसाठी याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. दंडावर चिकटवलेला ग्लुकोज सेन्सर दर काही मिनिटांनी फोनला आकडा पाठवतो आणि साखर ७० च्या खाली घसरू लागली की अॅप इशारा देते. आता शेड्यूलरच्या नजरेने पाहा. हे अॅप पडद्यावर नाही, अंगठा त्यावर नाही, ते मिनिटामिनिटाने क्षणभर जागे होते. त्याच्या दृष्टीने असले काम क्षुल्लक. ते धीम्या कोअरवर गेले तर काही बिघडत नाही. तेवढ्या कामाला लहान कोअर पुरून उरतो. घोटाळा वरच्या थरात होतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोनची यंत्रणा अशा अॅपना गाढ झोपवते. मग गाडीच कारशेडमध्ये उभी, ती जलद की धीमी हा प्रश्नच उरत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमका याच बाबतीत रुग्णांना सावध केले. ‘व्यत्यय नको’ची सेटिंग, झोपवलेले अॅप, नव्याने जोडलेले हेडफोन, प्रणालीचे अपडेट, यांपैकी काहीही जीवरक्षक इशारा गिळू शकते. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये कानात हेडफोन नसलेला माणूस शोधावा लागतो. इन्सुलिन घेणारा, दुपारचे जेवण हुकलेला प्रवासी त्यांत असेल, तर घाटकोपर ते अंबरनाथ एवढ्या अंतरात साखर उतरायला पुरेसा वेळ असतो.

सेन्सर वापरणाऱ्यांनी फोनच्या बॅटरी विभागात जाऊन त्या अॅपवरची बंधने काढावीत. फोन अपडेट झाला, हेडफोन बदलले, की प्रत्येक वेळी सेटिंग पुन्हा तपासावी. नाहीतर महिन्यातून एकदा तरी. घरी असताना साखर वाढल्याच्या इशाऱ्याची पातळी तात्पुरती खाली आणावी, स्क्रीन बंद करून फोन खिशात ठेवावा, हेडफोन लावावेत आणि आवाज येतो का ते पाहावे. नंतर पातळी पूर्ववत करायला विसरू नये. आणि खिशात चार गोळ्या ग्लुकोजच्या, निदान पारलेचा छोटा पुडा तरी, रोज असावा.