इन्सुलिनचा खर्च : कारणे आणि उपाय

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेच्या पुस्तिकेत औषधाच्या किमतीसारखा रुक्ष विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर वर्गातच सापडते. पहिल्या प्रकारचा मधुमेह बहुधा बालपणी किंवा तरुणपणी जडतो. या विकारात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात व बाहेरून इन्सुलिन घेतल्यावाचून रुग्ण जगू शकत नाही. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह प्रौढ वयात अधिक दिसतो. त्यातही आजार जुना झाल्यावर अनेकांना इन्सुलिन घ्यावे लागते. म्हणजे आपल्या बाकांवर बसणारा एखादा विद्यार्थी, त्याचे आजोबा आणि त्याला शिकविणारे शिक्षक हे तिघेही एकाच कुपीवर अवलंबून असू शकतात. दरमहा ती कुपी विकत घेण्याची ऐपत घरात आहे की नाही, हा म्हणूनच केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. औषधाच्या खोक्यावरील मजकूर इंग्रजीत, सरकारी दवाखान्यातील फलक बहुधा कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या गृहिणीला या दोहोंतून वाट काढावी लागते. तिला उपयोगी पडेल अशी माहिती तिच्या भाषेत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका डॉलरचे औषध

कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बॅन्टिंग, चार्ल्स बेस्ट, जेम्स कॉलिप व जे. जे. आर. मॅक्लिऑड यांच्या संशोधनातून इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका किशोरवयीन रुग्णाला टोचण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांना उपासमारीच्या आहारावर ठेवून काही महिने जगविणे, एवढाच उपाय वैद्यकाजवळ होता. १९२३ साली बॅन्टिंग, बेस्ट व कॉलिप यांनी या शोधाचे स्वामित्वहक्क प्रत्येकी एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात टोरंटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. हे औषध कोणाची मक्तेदारी होऊ नये, ही त्यामागील भावना होती.

शंभर वर्षांनंतरचे चित्र मात्र निराळे आहे. अमेरिकेत एका प्रसिद्ध जलद-परिणामी इन्सुलिनच्या कुपीची छापील किंमत १९९६ साली सुमारे २१ डॉलर होती. दोन दशकांत ती सुमारे २७५ डॉलरवर पोचली. २०१७ साली मिनेसोटा राज्यात २६ वर्षांचा एक तरुण पालकांच्या विम्याचे छत्र सुटल्यानंतर इन्सुलिन पुरवून पुरवून वापरीत असता मरण पावला. त्याच्या नावाने त्या राज्याने २०२० साली तातडीच्या इन्सुलिन-पुरवठ्याचा कायदा केला. जानेवारी २०२३ पासून वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली आणि त्याच वर्षी तिन्ही मोठ्या उत्पादकांनी आपल्या अनेक प्रकारांच्या छापील किमती ७० टक्के वा त्याहून अधिक घटविण्याची घोषणा केली. लोकमताचा रेटा व कायद्याचा धाक असला म्हणजे किंमत उतरते, हा यातून घ्यावयाचा धडा होय.

किंमत का चढते ?

इन्सुलिन हे साध्या रासायनिक गोळीसारखे औषध नाही. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ साली जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून मानवी इन्सुलिन तयार करण्यात यश आले व १९८२ पासून ते बाजारात आले. पुढे रेणूच्या रचनेत थोडा फेरफार करून अधिक जलद अथवा अधिक दीर्घकाळ काम करणारी इन्सुलिने निघाली. त्यांना ‘ॲनालॉग’ म्हणतात. प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर नवे स्वामित्वहक्क आले. ते संपल्यावरही जिवंत पेशींपासून बनणाऱ्या औषधाची नक्कल करणे खर्चाचे व चाचण्यांचे काम असल्याने नवे उत्पादक सहजी पुढे येत नाहीत. परिणामी जगाचा बहुतेक व्यापार दीर्घकाळ तीन कंपन्यांच्या हाती राहिला.

भारत या बाबतीत काहीसा भाग्यवान ठरला. २००३ साली वोखार्टने आणि २००४ साली बंगळूरच्या बायोकॉनने देशी बनावटीचे मानवी इन्सुलिन बाजारात आणले व परदेशी मालाला स्पर्धा निर्माण झाली. शिवाय मानवी इन्सुलिन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्याची कमाल किंमत सरकार ठरविते. २०२२ च्या यादीत ग्लार्जिन या दीर्घ-परिणामी ॲनालॉगचाही समावेश झाला. तेव्हा आपल्याकडे खर्च कमी करण्यास वाव आहे. तो कोठे आहे हे मात्र ओळखता आले पाहिजे.

दर युनिटचा हिशेब

इन्सुलिनची मात्रा युनिटमध्ये मोजतात. म्हणून किंमतही युनिटमागे मोजावी. खोक्याच्या किमतीवरून तुलना करू नये. आपल्याकडील मानवी इन्सुलिनच्या नेहमीच्या कुपीत १० मिलिलिटर द्रव असतो व दर मिलिलिटरला ४० युनिटे, म्हणजे एकूण ४०० युनिटे. पेनमध्ये बसणारे कार्ट्रिज ३ मिलिलिटरचे असते व त्यात दर मिलिलिटरला १०० प्रमाणे ३०० युनिटे असतात.

हिशेबाची रीत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. समजा, कुपी १६० रुपयांची आहे आणि ॲनालॉगचे कार्ट्रिज ६०० रुपयांचे. पहिल्यात एक युनिट ४० पैशांना पडते, दुसऱ्यात २ रुपयांना. रोज ३० युनिटे लागणाऱ्या रुग्णाला महिन्यास ९०० युनिटे लागतात. म्हणजे एकीकडे ३६० रुपये, दुसरीकडे १,८०० रुपये. वर्षाचा फरक १७,२८० रुपयांचा होतो. वाचकांनी आपल्या खोक्यावरील प्रत्यक्ष किंमत घालून हाच हिशेब एकदा कागदावर मांडावा. त्यात सिरिंज व सुया यांचाही खर्च धरावा.

या हिशेबाला एक अपवाद आहे. उघडलेली कुपी साधारणतः चार आठवडेच वापरावयाची असते; काही प्रकारांना सहा आठवड्यांची मुभा असते व ती सोबतच्या पत्रकात दिलेली असते. ज्याला दिवसाला फक्त ६ युनिटे लागतात, त्याची चार आठवड्यांत १६८ युनिटेच संपतील व उरलेली टाकून द्यावी लागतील. अशा रुग्णाने वाया जाणारा भागही हिशेबात धरावा.

महाग म्हणजे उत्तम काय ?

येथे सावधपणे बोलले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, विशेषतः ज्यांची साखर रात्री एकाएकी फार खाली जाते अशांना, ॲनालॉगचा लाभ होतो. अशा मुलाचे औषध केवळ पैशासाठी बदलणे योग्य नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मात्र चित्र वेगळे आहे. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दीर्घ-परिणामी ॲनालॉगने सुरुवात केलेले आणि जुन्या ‘एनपीएच’ मानवी इन्सुलिनने सुरुवात केलेले असे दोन गट त्यात पाहिले गेले. साखर धोकादायक रीतीने उतरून रुग्णालयात यावे लागण्याच्या प्रमाणात ॲनालॉगचा सरसपणा दिसून आला नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाने आपल्या डॉक्टरांना संकोच न करता विचारावे : “डॉक्टर, हा खर्च मला झेपत नाही. कुपीतले मानवी इन्सुलिन मला चालेल का ?” हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. रुग्ण गप्प राहतो आणि घरी जाऊन मात्रा निम्मी करतो, हे डॉक्टरांना कळतच नाही. मात्र बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. नव्या प्रकारात मात्रा व जेवणाची वेळ दोन्ही बदलू शकतात आणि पहिले काही आठवडे साखर अधिक वेळा तपासावी लागते.

सिरिंजचा रंग

पेनवरून कुपीवर येणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. ४० युनिटांच्या कुपीला लाल टोपणाची, ‘यू-४०’ असे छापलेली सिरिंजच वापरावी. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटांच्या इन्सुलिनसाठी असते. यू-४० इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत घेतले, तर शरीरात फक्त ४ युनिटे जातात. उलट, १०० युनिटांचे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत घेतले, तर २५ युनिटे जातात आणि रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. पैसे वाचविण्याच्या नादात ही चूक घडू देऊ नये.

दुकान, साठवण आणि टोचणे

खोक्यावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. त्याहून कमी दराने विकण्यास दुकानदाराला कोणतीच आडकाठी नाही. खडेबाजारातील दोन-तीन दुकानांत एकाच औषधाचा भाव विचारून पाहिला, तर फरक आढळू शकतो. जनऔषधी केंद्रांच्या यादीत मानवी इन्सुलिन आहे. मात्र शिल्लक साठा आधी विचारून घ्यावा. सरकारी रुग्णालयांतील असंसर्गजन्य रोगांच्या विभागात नाव नोंदवून इन्सुलिन मिळते का, हेही पाहावे. सरकारी आरोग्यविम्याची पत्रे मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असतात. रोजच्या इन्सुलिनसाठी त्यांवर विसंबू नये. अलीकडे मानवी इन्सुलिनची काही पेन-कार्ट्रिजे बाजारातून काढून घेण्यात आली आहेत. तेच इन्सुलिन कुपीत मिळते का, ते आधी विचारावे. लगेच महाग प्रकाराकडे वळण्याची गरज नसते.

बिघडून फेकले गेलेले इन्सुलिन सर्वांत महाग. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश तापमानात, शीतकपाटाच्या दारात किंवा मधल्या फळीवर ठेवाव्यात. बर्फाच्या कप्प्याजवळ कधीही नको. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निरुपयोगी होते. ज्यांच्या घरी शीतकपाट नाही त्यांनी निराश होऊ नये. एका मोठ्या मातीच्या भांड्यात लहान मडके ठेवून मधल्या पोकळीत ओली वाळू भरावी व लहान मडक्यात कुपी ठेवावी. केनियातील निर्वासितांच्या छावणीतील तापमान नोंदवून जिनिव्हा विद्यापीठ व ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेने केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही चार आठवडे इन्सुलिनची शक्ती टिकून राहते, असे त्यात दिसून आले.

टोचण्याची जागा रोज बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात, तेथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि मात्रा विनाकारण वाढवावी लागते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात नियमित चालणे, आहारातील संयम आणि डॉक्टरांनी दिलेल्या स्वस्त गोळ्या यांनीही इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते. ही काटकसर निर्दोष होय.

जी काटकसर करू नये

मात्रा कमी करणे, एक वेळ चुकविणे, मुदत संपलेली कुपी वापरणे, कोणाची सुई वा पेन उसना घेणे, या गोष्टी कोणत्याही अडचणीत करू नयेत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबले की एक-दोन दिवसांत रक्तात आम्ले साठू लागतात. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास ही त्याची लक्षणे होत. असे मूल तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. कुपीत वाचविलेले शंभर रुपये अतिदक्षता विभागात हजारोंनी परत द्यावे लागतात, आणि कधी कधी पैसे देऊनही मूल परत मिळत नाही.

येथे शाळेचेही कर्तव्य येते. कोणत्या विद्यार्थ्याला इन्सुलिन लागते हे वर्गशिक्षकांना ठाऊक असावे. दुपारच्या सुटीत टोचून घेण्यास त्याला स्वच्छ, आडोशाची जागा मिळावी, आणि टेबलाच्या खणात साखरेची पुडी असावी. शालेय साहित्यासाठी माजी विद्यार्थी जशी मदत करतात, तशी एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या कुप्यांचा भार त्यांनी गुपचूप उचलावा. वर मांडलेला हिशेब पाहिला तर तो भार फार मोठा नाही, हे लक्षात येईल. शंभर वर्षांपूर्वी तिघा संशोधकांनी एका डॉलरवर सही करून आपला वाटा उचलला. दरमहाच्या कुपीचा आपला वाटा उचलणे आपल्या आवाक्यातले आहे.