चेरामीची लढाई आणि संत अन्सेल्म

सिसिली बेटावर चेरामी नदीकाठी इ.स. १०६३ मध्ये नॉर्मन सरदार रॉजर आणि मुस्लिम सैन्य यांची लढाई झाली. रॉजरपाशी अवघे १३६ घोडेस्वार होते आणि शुभ्र अश्वावर आरूढ संत जॉर्ज त्यांच्या अग्रभागी प्रकटले, असे बेनेडिक्टाइन संन्यासी मालातेर्रा लिहितात. विजयानंतर रॉजरने पोप अलेक्झांडर दुसरे यांना चार उंट भेट पाठविले; पोपमहोदयांनी त्याला ध्वज पाठविला.

तथापि हा वृत्तांत लढाईनंतर कित्येक वर्षांनी लिहिला गेला. शिवाय १०६१ मध्ये नॉर्मनांचे साहाय्य मागणारा इब्न अल-थुम्ना हा स्वतः मुस्लिम अमीर होता. म्हणजेच या संघर्षात धर्माबरोबर सत्तेची आकांक्षाही होती. १०७२ मध्ये पालेर्मो शरण आले, तेव्हा तेथील मुस्लिमांना स्वधर्म पाळण्याची मुभा मिळाली.

पुढे १०९८ मध्ये कापुआच्या वेढ्यात रॉजरच्याच सैन्यात मुस्लिम सैनिक होते. त्या वेळी तेथे असलेल्या संत अन्सेल्म यांच्या मुक्कामी ते येत, संत त्यांना अन्न देत आणि ते कृतज्ञतेने आशीर्वाद देत परतत, असे चरित्रकार ईडमर सांगतात. चेरामीचा ध्वज आठवताना हे अन्नदानही आपण विसरू नये.