केस आज गळतात, कारण तीन महिन्यांपूर्वीचं

बेंगळुरूत पावसाळ्याबरोबर डेंग्यू येतो. 2024 साली रुग्ण इतके वाढले की सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारला तो साथरोग म्हणून जाहीर करावा लागला. ताप उतरतो, प्लेटलेट पूर्ववत होतात, माणूस कामाला लागतो. आणि दिवाळीच्या सुमारास कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. जयनगरातल्या मराठी घरांत मग पहिला संशय बोअरच्या जड पाण्यावर जातो. नळाला फिल्टर लागतो, फोर्थ ब्लॉकच्या बाजारातून नवं तेल येतं. त्याआधी कॅलेंडर पाहिलं, तर बराच खर्च आणि त्याहून जास्त घोर वाचेल.

डोक्यावरच्या सुमारे एक लाख केसांपैकी 85 ते 90 टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत असतात. तीव्र तापाच्या तडाख्याने वाढते केसही मोठ्या संख्येने एकदम विश्रांतीत जातात. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची. ती संपली की ते गळतात. अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 साली याला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. कोविडनंतर वुहानमधल्या रुग्णांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी जवळपास पाचांतल्या एकाने केसगळती सांगितली. गळलेल्या केसाच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसतो आणि केस मुळासकट गेला असं वाटतं. प्रत्यक्षात नवा केस उगवणारं मूळ टाळूत शाबूत असतं.

पाण्याचा दोष मुळीच नाही का? जड पाण्याने केस राठ होऊ शकतात, मध्येच तुटू शकतात. पण तुटलेल्या केसाला तो पांढरा ठिपका नसतो. शिवाय पाणी घरात सगळेच वापरतात, केस मात्र ताप येऊन गेलेल्याचेच जातात. उलट, जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात अनेक गावांतले लोक काही दिवसांत टक्कल पडल्याची तक्रार करू लागले, तेव्हा पाण्याची आणि अन्नाची तपासणी योग्यच होती. तेलाने गुण आला म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं, की तापानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. तेल नेमकं उताराच्या वेळी लावलेलं असतं.

चट्टे पडले, टाळू लाल झाली किंवा गळती सहा महिन्यांपुढे गेली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं; गळती लांबली असेल, तर थायरॉइड आणि लोहही तपासायला हवं. आजारानंतर महिनाभर नुसत्या मऊ भातावर राहणंही बरं नाही. डाळ, दही, अंडी हवीत. आणि रुग्णाला घरी सोडतानाच डॉक्टरांनी सांगावं: दोन-तीन महिन्यांनी केस गळू शकतात, घाबरू नका, ते परत येतील.