सिंघूच्या वेशीवरची पंगत

नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२१. कृषी कायद्यांविरोधात शेतकरी दिल्लीच्या सिंघू, टिकरी, गाझीपूर सीमांवर ठाण मांडून होते आणि महामार्गावरच चुली पेटल्या होत्या. पीठ, डाळी पंजाबातून ट्रॉल्यांमधून आलेल्या; दूध, ताक, भाजीपाला हरियाणातल्या गावांनी पुरवला.

थंडीतला खरा मान सरसोंच्या सागाचा. मोहरीचा पाला, जोडीला पालक आणि चाकवत. लाकडाच्या जाळावर मंद शिजवायचं, घोटायचं, मक्याच्या पिठाचं आळण लावायचं आणि वरून आलं-लसणाची फोडणी. सोबत मक्याची भाकरी. पोळ्या लाटायला पुरुषही बसत, हे मला त्या सागाइतकंच मोलाचं वाटतं.

या चुलींवर चालायचा तो लंगर, म्हणजे शिखांची सामुदायिक पंगत. लंगर सर्वांना खुला, ही गुरू नानकांपासूनची रीत. त्यामुळे आसपासच्या वस्त्यांतली मुलं जेवून जात, बंदोबस्तावरचे पोलीसही.

मराठी माणसंही या आंदोलनात होती: २१ डिसेंबर २०२० ला नाशिकहून निघालेला किसान सभेचा जथा राजस्थान-हरियाणा सीमेवरच्या शाहजहांपूरला पोचला.

१३ जानेवारी २०२१ ची लोहरी, म्हणजे पंजाबातला शेकोटीचा सण, सिंघूलाच झाली. शेकोटीत कायद्यांच्या प्रती जाळल्या गेल्या. रेवड्या, शेंगदाणे, मक्याच्या लाह्या हा लोहरीचा नेहमीचा खाऊ.