ओढ्यातला गारठा

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा झाली, की लिंबागणेशच्या माझ्या सायकल दुकानात ठरलेली तक्रार सुरू होते. "मामा, काल हवा भरली होती, आज टायर बसलं." ट्यूब पाण्यात बुडवून बघितली तरी एक बुडबुडा येत नाही, कारण पंक्चर नसतंच. दुपारी तिशीत असलेला पारा पहाटे दहावर येतो, चाकातली हवा आकसते आणि चाळीस पौंडातले तीन-चार पौंड कमी होतात. त्यात व्हॉल्व्हचं रबर जुनं असेल तर गारठ्यानं ते कडक होतं, चिरतं, आणि उरलेली हवाही निसटते. रबर बदलायला पाच मिनिटं लागतात.

मी स्वतः वस्तीवरून सायकलनंच येतो, सहाच्या आधी निघून. बालाघाटच्या माळावर आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसाची ऊब रातोरात सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारानं वाहत ओढ्यात साचते. त्यामुळं माळावर नुसती कानटोपी पुरते. पण ओढ्याच्या पुलाकडं उतरलो, की गुडघ्यांवर कुणी घागर ओतल्यासारखं होतं. पलीकडचा चढ लागला की पुन्हा बरं वाटतं. सायकल ताशी पंधराच्या वेगानं पळाली तर दहा अंशांची हवा अंगाला आठसारखी लागते. आमचे आबा शर्टाच्या आत छातीवर रद्दी पेपर घालून निघायचे. मला लाज वाटायची, चालताना ते कागद करकर वाजायचे. पुढं कळलं, टूर द फ्रान्समधले गडीसुद्धा घाट उतरताना हेच करायचे.

छाती अशी झाकता येते. बोटांचं काय? उघडी बोटं बधिर होतात, ब्रेक दाबला की नाही तेच समजत नाही. त्यात लोखंडी रिमवर दहिवर बसलेलं. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर नुसतं घसरतं, आणि एरवी पुलाच्या अलीकडं थांबणारी सायकल पुलावर जाऊन थांबते. एका डिसेंबरात माझी तिथंही थांबली नाही. उसाच्या ट्रॉलीतून पडलेली माती वळणावर ओली झाली होती. चाक सरकलं, मनगट मोडलं. गावाच्या सायकली नीट करणाऱ्याच्या स्वतःच्या ब्रेकचं रबर झिजून गेलं होतं. दोन महिने पान्हा धरता आला नाही.

फिनलंडमधल्या औलू शहरात लोक बर्फातून सायकलनं कामावर जातात. तिथं टायरला बारीक खिळे बसवलेले असतात, ते बर्फात रुततात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी दरवर्षी येते. आमच्या पुलावर दव गोठत नाही, पण पडायला नुसती ओलही पुरते.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत चालला. त्या हिवाळ्यात शाळेला जायला माळ्यावर टाकलेल्या सायकली खाली उतरल्या. दुकानात आणायला बहुतेक वेळा आजोबा नाहीतर पोरगी स्वतःच यायची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. काही पोरींकडं मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली होत्या. आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. सायकल मिळते, तिची निगा कुणी शिकवत नाही. माझं म्हणाल तर सायकलीसोबत एक पंप आणि हातमोजे द्यायला हवेत.

तोवर एवढं करा. निघाल्यावर अंगणाबाहेरच दोन्ही ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबा, रिम पुसली जाते. उतार लागायच्या आधीच वेग कमी करा. हातमोजे नसले तर जुने पायमोजे हातात घाला, कुणी हसलं तर हसू द्या. पंप माझ्या दुकानाबाहेर टांगलेला असतो. हवा भरायचे पैसे लागत नाहीत.